जप्त झालेले दफ्तर

संगणकातील खाजगी कागदपत्रे नाहीशी होण्याची जी कारणे आहेत, त्यांत चोरी, अपघात, यंत्राचा बिघाड आणि मनुष्याचा हलगर्जीपणा यांची गणना सर्वजण करतात. परंतु ज्या प्रणालीची नेमणूक या सर्वांपासून रक्षण करण्यासाठी झालेली असते, तिच्याच हातून वर्षानुवर्षांची टिपणे, पत्रव्यवहार किंवा छायाचित्रे जावीत, ही गोष्ट ऐकणाऱ्यास प्रथमदर्शनी खरी वाटत नाही. तथापि ती घडते, आणि घडताना कसलाही गाजावाजा होत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात काही क्षण एक चौकट उमटते, धोका आढळला व त्याचा बंदोबस्त झाला असे तीत लिहिलेले असते, संगणकाचा मालक ती वाचतो किंवा न वाचताच बंद करतो, आणि पुढे आठ-पंधरा दिवसांनी हिशेबाची फाइल उघडावयास जावे तो ती जागेवर नाही असे आढळल्यावर, बंदोबस्त नेमका कशाचा झाला होता हे त्याच्या ध्यानात येते.

अशा वेळी मालकाच्या हातून बहुधा दोहोंपैकी एक चूक होते. एक तर तो संतापाच्या भरात ती रक्षक प्रणालीच संगणकातून उपटून टाकतो, किंवा फाइल कायमची गेली असे मानून तिच्यावर पाणी सोडतो. वास्तविक नाहीशी दिसणारी फाइल निरनिराळ्या अवस्थांपैकी कोणत्या तरी एकीत असते, आणि तिच्या सुटकेचा मार्ग त्या अवस्थेवर अवलंबून असतो. अँटिव्हायरस हा संगणकातील फौजदार होय. नुसत्या संशयावरून झडती घेण्याचा, माल जप्त करण्याचा आणि काही वेळा तो तेथल्या तेथे नष्ट करण्याचाही अधिकार आपण त्याला पहिल्याच दिवशी, अटी न वाचता, बहाल केलेला असतो. त्याला संशय कशावरून येतो, जप्त केलेला मुद्देमाल तो कोठे ठेवतो, आणि नष्ट केलेल्या मालाचे मागे काय उरते, हे तीन प्रश्न क्रमाने सोडवले तर पुष्कळशा फाइली परत मिळू शकतात, आणि ज्या मिळणार नाहीत त्यांच्या पाठीमागे लागून वेळ व पैसा दवडण्याचा प्रसंगही टळतो.

संशय घेण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे गुन्हेगारांच्या अंगावरील खुणांची नोंदवही. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा फ्लॉपीवरून पसरणारा विषाणू आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकांवरील पहिला मानला जातो. त्यानंतरची काही वर्षे विषाणूंची संख्या इतकी मर्यादित होती, की प्रत्येकाच्या पोटातील एखादा वैशिष्ट्यपूर्ण अक्षरक्रम टिपून ठेवावा आणि डिस्कवरील प्रत्येक फाइल त्या टिपणाशी ताडून पाहावी, एवढ्यावर काम भागत असे. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी यंत्रदुरुस्तीच्या धंद्यातून उभी केलेली ‘क्विक हील’ ही प्रणाली नव्वदीच्या दशकातील, आणि महाराष्ट्रातील कित्येक घरांना व कचेऱ्यांना अँटिव्हायरस या वस्तूचा परिचय प्रथम तिच्याच रूपाने झाला.

खुणा ताडण्याची ही रीत वेगवान असली तरी तिला हेतूशी काही कर्तव्य नसते. ‘आयकार’ या युरोपीय संस्थेच्या नावाने प्रसिद्ध असलेली चाचणी-फाइल हे याचे उत्तम उदाहरण होय. तीत अवघी ६८ अक्षरे असतात. जुन्या डॉसवर ती चालवली तर पडद्यावर एक ओळ छापून ती स्वस्थ बसते, कोणाचे कवडीचेही नुकसान करीत नाही. परंतु ही अक्षरे दिसली की पकडावयाची, असे उत्पादकांनी आपसांत ठरवून घेतले असल्यामुळे, नोटपॅडमध्ये ती टंकून साठवण्याचा अवकाश, बहुतेक अँटिव्हायरस ती फाइल तत्काळ उचलतात. पहारा जागा आहे की नाही हे तपासण्यासाठी ती योजिली आहे. पण निरुपद्रवी मजकूरही केवळ आकृतीच्या साम्यावरून जप्त होऊ शकतो, हेही तिच्यावरून तितकेच स्पष्ट दिसते.

पुढे विषाणूंची संख्या लाखांत आणि कोटींत गेली, ते दर प्रसाराला रूप बदलू लागले, आणि नोंदवही अपुरी पडली. मग अनुमानाची रीत आली: फाइलीची बांधणी संशयास्पद आहे काय, ती दाबून किंवा गुंडाळून ठेवलेली आहे काय, तिच्यावर ज्ञात निर्मात्याची अंकीय सही आहे काय, जगात आणखी किती संगणकांवर ती आढळते, आणि चालू झाल्यावर ती वावगे वर्तन करते काय, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून गुण देऊन निकाल लावला जाऊ लागला. या पद्धतीत अपरिचित असणे हाच निम्मा गुन्हा ठरतो. एखाद्या हौशी मनुष्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, जुन्या मराठी फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे घरगुती साधन, गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाने मॅक्रो (म्हणजे फाइलीतच लिहून ठेवलेल्या आज्ञा) घालून सिद्ध केलेली देखभालखर्चाची एक्सेल शीट, यांच्यावर कोणाची सही नसते आणि त्यांच्या प्रती जगात पाच-पन्नासांहून अधिक नसतात; त्यामुळे ज्या वस्तू मालकाच्या दृष्टीने अत्यंत मोलाच्या आणि अन्यत्र अप्राप्य, त्याच फौजदाराच्या दृष्टीने अत्यंत संशयास्पद, असा विपरीत योग येथे जुळून येतो.

कागदपत्रांवर संशयाची नजर वळण्याचेही कारण आहे. नुसता मजकूर असलेल्या फाइलीत विषाणू राहू शकत नाही, असा विश्वास एके काळी सर्वत्र होता. १९९५ साली ‘कन्सेप्ट’ या विषाणूने वर्डच्या दस्तऐवजातील मॅक्रोंमध्ये बिऱ्हाड केले आणि तो विश्वास संपवला. मार्च १९९९ मधील ‘मेलिसा’ने तर अशाच दस्तऐवजाच्या पाठीवर बसून ई-मेलद्वारे जगभर संचार केला. पुढे २००७ च्या ऑफिसमध्ये मॅक्रो असलेल्या फाइलींना निराळे नामविस्तार मिळाले, आणि २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप अडवण्यास मायक्रोसॉफ्टने सुरुवात केली. परंतु २००७ पूर्वीच्या साच्यातील जुन्या फाइली आजही असंख्य घरांत आहेत, आणि निरुपद्रवी मॅक्रो व उपद्रवी मॅक्रो यांत बाह्यांगी भेद असा थोडाच असतो.

हा भेद अचूक करणारी प्रणाली अद्याप निघाली नाही ती प्रयत्नांच्या अभावी, असे मात्र समजू नये. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली संगणकीय विषाणूंवर जो मूलगामी निबंध मांडला, त्यात त्याने तर्कशास्त्राच्या आधारे असे दाखवून दिले की, कोणताही प्रोग्रॅम विषाणू आहे किंवा नाही याचा निर्णय सर्व प्रसंगी बिनचूक देणारी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही. म्हणजे काही गुन्हेगार सुटणे आणि काही निरपराध पकडले जाणे, या दोहोंपैकी कशाचे प्रमाण किती ठेवावे एवढेच उत्पादकाच्या हाती राहते. शिवाय चुकीचे प्रमाण अल्प असले तरी फाइलींची संख्या अल्प नसते. एक लाख निर्दोष फाइलींमागे एकदाच चुकणारी प्रणाली आहे असे घटकाभर धरू. संगणकावर तीन लाख फाइली असल्यास ती तीन निरपराधांना पकडील, आणि खरा विषाणू त्या संगणकावर एकच असेल तर चार जप्त्यांपैकी तीन चुकीच्या ठरतील. पडद्यावरील चौकटीत मात्र चौघांचीही नावे सारख्याच लाल अक्षरांत झळकतील.

मोठमोठ्या कंपन्यांच्या इतिहासात या चुकांची नोंद आहे. १० मार्च २००६ रोजी मॅकॅफीच्या नित्याच्या अद्ययावतीकरणात अशी चूक झाली, की मायक्रोसॉफ्ट एक्सेलसह अनेक प्रतिष्ठित प्रोग्रॅमांच्या फाइली विषाणू समजून पकडल्या गेल्या. ज्यांनी संशयित फाइली बाजूला ठेवण्याची सूचना देऊन ठेवली होती त्यांना त्या परत मिळाल्या, आणि ज्यांनी तत्काळ नष्ट करण्याची सूचना दिली होती त्यांना बॅकअपकडे किंवा पुनःस्थापनेकडे धाव घ्यावी लागली. मे २००७ मध्ये सिमँटेकच्या प्रणालीने चिनी भाषेतील विंडोज एक्सपीच्या दोन मूलभूत फाइली उचलल्या, आणि चीनमधील हजारो संगणक सुरूच होईनात. २१ एप्रिल २०१० रोजी पुन्हा मॅकॅफीनेच एक्सपीचा कणा असलेली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल पकडली. रुग्णालयांपासून विद्यापीठांपर्यंत अनेक ठिकाणचे संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होऊ लागले आणि ऑस्ट्रेलियात कोल्स या दुकानसाखळीला आपली काही दुकाने बंद ठेवावी लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोसच्या प्रणालीने तर स्वतःच्याच अद्ययावतीकरणाच्या भागाला विषाणू ठरवले. चूक दुरुस्त करणारी आज्ञा ज्या मार्गाने यावयाची तोच मार्ग तिने रोखला, म्हणजे सुटकेचा हुकूम घेऊन येणाऱ्या शिपायालाच फौजदाराने अटक करावी तसे झाले. १३ जानेवारी २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरमधील एका नियमाच्या चुकीमुळे अनेक कचेऱ्यांतील संगणकांवरून प्रोग्रॅमांचे शॉर्टकट पुसले गेले. प्रोग्रॅम शाबूत होते, परंतु ते उघडावयाचे कोठून हे कर्मचाऱ्यांना कळेना, आणि ते शॉर्टकट पुन्हा घडवणारे साधन कंपनीला प्रसृत करावे लागले. या सर्व प्रकरणांतून २००६ च्या प्रकरणातील भेद विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण खाजगी फाइलींच्या बाबतीतही सर्व काही त्याच भेदावर अवलंबून असते.

तो भेद असा. संशयित फाइल हाती लागल्यावर अँटिव्हायरसपुढे तीन मार्ग असतात: तिच्यातील दूषित भाग कापून बाकीची परत ठेवणे, तिला क्वारंटाइनमध्ये म्हणजे अटकेत टाकणे, किंवा ती डिलीट करणे. पहिल्या मार्गाने वर्डच्या दस्तऐवजातील मॅक्रो जातात आणि मजकूर राहतो. दुसऱ्या मार्गात फाइल आपल्या जागेवरून उचलून एका बंद फोल्डरमध्ये नेली जाते आणि ती चुकूनही चालू होऊ नये यासाठी तिची अक्षरे सांकेतिक रीतीने बदलली जातात. मॅकॅफीच्या जुन्या आवृत्तीत अटकेतील प्रत्येक फाइलीची ‘बप’ या नामविस्ताराची एक पेटी होत असे. तीत मूळ नाव, मूळ जागा व अटकेची वेळ सांगणारे टिपण आणि मूळ फाइल अशा दोन वस्तू असत, आणि दोहोंतील प्रत्येक बाइटवर १०६ या एकाच संख्येने उलटापालट केलेली असे. तीच क्रिया दुसऱ्यांदा केली म्हणजे मूळ फाइल अक्षरशः जशीच्या तशी हाती येते. इतर कंपन्यांच्या रीती याहून निराळ्या व काही अधिक कठीण असल्या तरी तत्त्व एकच: मुद्देमाल मोडलेला नसतो, केवळ मोहोरबंद केलेला असतो.

म्हणूनच संतापाने अँटिव्हायरस काढून टाकणे ही सर्वांत घातक कृती होय. मोहोर कशी उघडावी हे तोच जाणतो, आणि त्याला हाकलले म्हणजे पुष्कळदा त्याचे अटकेतील कोठारही त्याच्याबरोबर पुसले जाते. त्याऐवजी प्रथम त्याच्या इतिहासाचे पान उघडावे. विंडोजच्या अंगभूत डिफेंडरमध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ या नावाने ते असते; शिवाय विंडोजच्या घटनानोंदींत डिफेंडरसाठी स्वतंत्र वही असते आणि तीत १११६ क्रमांकाची नोंद संशय आल्याची व १११७ क्रमांकाची नोंद कारवाई झाल्याची असते. हा फौजदाराचा पंचनामाच समजावा. फाइल कोणत्या फोल्डरमधून, किती वाजता, कोणत्या आरोपाखाली उचलली आणि तिचे पुढे काय केले, हे सर्व त्यात सापडते. आणि आपली फाइल त्याने उचललीच नव्हती असे पंचनाम्यावरून दिसल्यास शोधाची दिशाच बदलते.

फाइल अटकेत आहे असे निश्चित झाल्यावर ‘रिस्टोअर’चे बटण दाबण्यापूर्वी, आरोप खोटा आहे याची शक्य तितकी खात्री करून घ्यावी. या कामी ‘व्हायरसटोटल’ ही सेवा उपयोगी पडते. स्पेनमध्ये २००४ साली सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलच्या मालकीची असलेली ही सेवा एकाच फाइलीवर अनेक कंपन्यांच्या प्रणालींचे मत घेऊन दाखवते. साठांहून अधिक परीक्षकांपैकी एक-दोघांनीच दोष दाखवला तर तो गैरसमज असण्याचा संभव अधिक, आणि बहुतेकांनी दाखवला तर फाइलीचा मोह आवरावा. तथापि तेथे चढवलेली फाइल इतर अभ्यासकांच्याही हाती जाऊ शकते, हे विसरून आपले आयकराचे कागद किंवा खाजगी पत्रे तेथे पाठवू नयेत. डिफेंडरच्या वहीत नसली तरी काही प्रणालींच्या अहवालात फाइलीची ६४ अक्षरी ठशासारखी ओळख नोंदलेली असते. नुसती ती ओळख शोधून पाहिली तर मजकूर बाहेर न जाताही, ती फाइल पूर्वी कोणी तपासली असल्यास, तिचा निकाल समजतो. खात्री झाल्यावर फाइल सोडवावी, आणि ती लगेच पुन्हा पकडली जाऊ नये म्हणून तेवढ्या एका फाइलीपुरती सूट नोंदवावी. संपूर्ण डिस्कला सूट देणे म्हणजे फौजदाराला रजेवर पाठवणे होय. बहुतेक कंपन्या अशा खोट्या आरोपांच्या तक्रारी स्वीकारतात, आणि तक्रार मान्य झाल्यास पुढील अद्ययावतीकरणात तो आरोप मागे घेतला जातो.

अटकेच्या प्रकरणांत ई-मेलच्या पेटीचे प्रकरण विशेष गुंतागुंतीचे असते. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅमात ‘इनबॉक्स’ या फोल्डरातील सर्व पत्रे सामान्यतः एकाच लांबलचक फाइलीत एकापुढे एक लिहिलेली असतात, आणि पत्रांबरोबर आलेल्या जोडफाइलीही अक्षररूपाने त्यातच गुंफलेल्या असतात. दहा वर्षांच्या पत्रव्यवहारात एखादे फसवे पत्र कोठे तरी दडलेले असतेच. अँटिव्हायरसला त्याची खूण दिसते, परंतु पत्रांच्या सीमा त्याला ओळखता येतात असे नाही, आणि मग एका पत्राच्या अपराधासाठी संपूर्ण पेटी अटकेत जाते. थंडरबर्डला आपली फाइल जागेवर दिसत नाही, म्हणून तो नवी रिकामी फाइल निर्माण करतो, आणि मालकाला उघडी-बोडकी इनबॉक्स दिसते. पत्रे आयमॅप पद्धतीने येत असतील तर सर्व्हरवरील प्रत पुन्हा उतरते; पॉप पद्धतीने उतरवून सर्व्हरवरून पुसली जात असतील तर अटकेतील फाइल हीच एकमेव प्रत होय. थंडरबर्ड बंद करून ती सोडवावी, नव्या रिकाम्या इनबॉक्सवर न चढवता निराळ्या नावाने ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवावी, आणि उघडून दोषी पत्र शोधून पुसावे. येथे एक बारकावा आहे: या साच्यात पुसलेले पत्र केवळ पुसल्याची खूण मिळवते, त्याची अक्षरे फाइलीत तशीच राहतात, आणि त्यामुळे पेटी दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडली जाते. ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा दिल्यावरच ती अक्षरे खरोखर निघून जातात. ट्रॅश फोल्डरलाही हाच न्याय लागू असल्यामुळे तोही रिकामा करून कॉम्पॅक्ट करावा.

याच्या उलट, जप्ती मुळीच झालेली नसताना झाल्याचा भास होणे, हा प्रकारही आपल्याकडे घरोघरी पाहावयास मिळाला आहे. झेरॉक्सच्या व डीटीपीच्या दुकानांतून, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून फिरणाऱ्या पेनड्राइव्हांना एका जातीच्या विषाणूची बाधा होत असे व अजूनही होते. तो पेनड्राइव्हवरील खऱ्या फोल्डरांना ‘लपवलेले’ आणि ‘सिस्टिमचे’ अशा दोन्ही खुणा लावतो, आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट ठेवतो. कोणी शॉर्टकट उघडला की विषाणू चालू होतो व पाठोपाठ खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे महिनोन्महिने संशय येत नाही. पुढे एखाद्या दिवशी चांगला अँटिव्हायरस ते शॉर्टकट पुसतो, पेनड्राइव्ह रिकामा दिसू लागतो, आणि प्रबंधाचा विद्यार्थी अँटिव्हायरसच्या नावाने बोटे मोडू लागतो. परंतु पेनड्राइव्हच्या गुणधर्मांत भरलेली जागा पूर्वीइतकीच दिसते, यावरून फाइली तेथेच आहेत हे सिद्ध होते. नुसते ‘लपवलेल्या वस्तू दाखवा’ म्हणून भागत नाही, कारण सिस्टिमची खूण असलेल्या फाइली विंडोज त्यानंतरही झाकून ठेवते. ‘अ‍ॅट्रिब’ या जुन्या आज्ञेने त्या पेनड्राइव्हवरील सर्व फोल्डरांच्या दोन्ही खुणा उतरवल्या की सर्व दफ्तर क्षणार्धात हजर होते. काही जातींचे विषाणू सर्व फाइली एका बिननावाच्या फोल्डरात ढकलतात. नावाच्या जागी केवळ एक अदृश्य अक्षर असलेला तो फोल्डर नजरेतून सुटतो, तोही नीट पाहावा.

आता तिसरी आणि खरोखर बिकट अवस्था: फाइल डिलीट झालेली आहे, आणि अटकेतही नाही व रिसायकल बिनमध्येही नाही. विंडोजच्या एनटीएफएस या रचनेत प्रत्येक फाइलीची एक नोंद मुख्य तक्त्यात असते, आणि प्रत्यक्ष मजकूर साधारणपणे चार-चार किलोबाइटांच्या तुकड्यांत डिस्कवर अन्यत्र असतो. पाच मेगाबाइटांचे एक छायाचित्र असे सुमारे १,२८० तुकडे व्यापते. डिलीट करताना त्या तुकड्यांतील मजकूर पुसला जात नाही. नोंदीवर ‘आता वापरात नाही’ अशी खूण पडते आणि ते तुकडे मोकळे असल्याचे नोंदले जाते, इतकेच. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर जिवंत असतो. म्हणून अशा वेळी पहिले कर्तव्य म्हणजे त्या डिस्कवर काहीही न लिहिणे. फाइल शोधून देणारा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर उतरवून घेणे, हीच पुष्कळांच्या हातून होणारी आणि पुष्कळदा शेवटची चूक असते. संगणक बंद करावा, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, आणि सापडलेल्या फाइली तिसऱ्याच ठिकाणी उतरवाव्यात.

नोंद शाबूत असेल तर मायक्रोसॉफ्टने २०२० साली दिलेले ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ किंवा तत्सम साधन नावानिशी फाइल परत आणते. नोंदच दुसऱ्या फाइलीने घेतली असेल तर मजकुराच्या आकृतीवरून शोध घ्यावा लागतो. क्रिस्तोफ ग्रेनिये या फ्रेंच प्रोग्रॅमकाराचे ‘फोटोरेक’ हे विनामूल्य साधन या रीतीने काम करते: जेपेग छायाचित्राची सुरुवात ठराविक बाइटांनीच होते, पीडीएफच्या आरंभी तिचे नाव लिहिलेले असते, आणि वर्डची आधुनिक फाइल ही अंतर्यामी झिप जातीची पेटी असल्यामुळे तीही आपल्या आद्याक्षरांवरून ओळखू येते, अशा खुणा डिस्कभर शोधून ते साधन मजकूर खणून काढते. ज्या खुणांच्या रीतीने फौजदाराने फाइल पकडली, त्याच रीतीने ती येथे परत मिळते. मात्र मूळ नाव आणि फोल्डर मिळत नाहीत, सर्वांना क्रमांकांची नावे मिळतात, आणि ज्या फाइलीचे तुकडे डिस्कवर विखुरलेले होते ती बहुधा अर्धवट येते.

हे सर्व फिरत्या हार्ड डिस्कला आणि बव्हंशी पेनड्राइव्हला व मेमरी कार्डाला लागू आहे. आजच्या लॅपटॉपमधील एसएसडीची गोष्ट निराळी. २००९ च्या विंडोज ७ पासून, फाइल डिलीट होताच तिचे तुकडे आता निरुपयोगी आहेत असे ‘ट्रिम’ या आज्ञेने एसएसडीला कळवले जाते, आणि एसएसडी सवडीने ते खरोखरच रिकामे करते. तेथे बहुधा काही मिनिटांनंतर कोणत्याही साधनाला शून्यांखेरीज काही सापडत नाही. अशा डिस्कवरून सर्व काही परत आणून देण्याची हमी देणाऱ्या दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नये. दुसरी अडचण कूटलेखनाची. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर ती दुसऱ्या संगणकाला जोडताच ४८ अंकी किल्ली मागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक एकाच वेळी आडवे झाले, भारतातील विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची पाळी आली, त्या वेळी फाइली जाग्यावर असूनही ही किल्ली हाताशी नसल्यामुळे अनेक ठिकाणी दुरुस्तीला विलंब लागला. ती किल्ली त्याच संगणकात साठवून ठेवणे म्हणजे न ठेवण्यासारखेच असल्यामुळे, ती कागदावर छापून कपाटात ठेवावी.

डिस्कने हात टेकले तरी अन्य ठिकाणी प्रत असण्याचा संभव असतो, आणि तो प्रथमच पडताळणे श्रेयस्कर. फोल्डरच्या गुणधर्मांत ‘पूर्वीच्या आवृत्त्या’ दिसत असतील तर विंडोजने काढून ठेवलेल्या छायाप्रतींतून फाइल मिळते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातील आणि गूगल ड्राइव्हवरील कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते. ही मुदत विशेष ध्यानात धरावी, कारण समक्रमण करणाऱ्या सेवा अँटिव्हायरसने केलेले पुसणेही आज्ञाधारकपणे आपल्या सर्व प्रतींवर उतरवतात. संगणकावरून गेलेली फाइल क्षणभरात मोबाइलवरूनही जाते. यावरूनच समक्रमण आणि बॅकअप या दोन भिन्न व्यवस्था आहेत हे उघड होते. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने प्रचारात आणलेला नियम असा, की महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात त्याला एवढीच पुस्ती जोडावीशी वाटते, की त्यांपैकी एक प्रत संगणकापासून विलग, म्हणजे तार काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कवर असावी. कारण जी डिस्क जोडलेली असते तिचीही झडती होतेच.

या सगळ्या विवेचनाचा निष्कर्ष अँटिव्हायरस नको असा कोणी काढील तर तो मोठा अनर्थ ठरेल. कोहेनच्या सिद्धांताने जर काही शिकवले असेल तर ते हे, की चूक टाळता येणार नाही, म्हणून चूक दुरुस्त करता येईल अशी व्यवस्था हवी. न्यायाच्या क्षेत्रात मनुष्याने हे तत्त्व फार पूर्वी ओळखले आणि पकडणारा, निवाडा करणारा व शिक्षा बजावणारा हे तीन अधिकारी वेगवेगळे केले; संगणकात मात्र आपण ते तिन्ही अधिकार एकाच्या हाती सोपवून निश्चिंत होतो. ते विभागणे मालकाच्या हाती आहे. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये डिलीटऐवजी क्वारंटाइन निवडावे, अटकेचा माल आपोआप पुसण्याची मुदत असल्यास ती वाढवावी, महिन्यातून एकदा पंचनाम्यांचे पान चाळावे, आणि कपाटातील प्रतीवरून एखादी फाइल अधूनमधून प्रत्यक्ष उघडून ती वाचता येते याची खात्री करावी. एवढे केल्यावर फौजदाराने खुशाल संशय घ्यावा, झडती घ्यावी, जप्तीही करावी. अंतिम निकाल देण्याचा अधिकार मालकाकडे राहतो, आणि तो तेथेच राहिला पाहिजे.